वाचून झालं, पण आठवतं का?



श्रेयांक, नवे शैक्षणिक धोरण यांवर या परिषदेत भरपूर चर्चा होईलच. मला बोलायचंय ते पहिल्या वर्षाच्या मुलांबद्दल. अभ्यास कसा करायचा हे त्यांना कुणीच शिकवत नाही, आणि ते काम आपलं, प्राध्यापकांचं आहे.

परीक्षेच्या आठवड्यात कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानाशी उभं राहून बघा. मागच्या बॅचच्या नोट्सच्या प्रती निघत असतात. एखाद्या मुलीच्या हातातली पानं हायलायटरने इतकी पिवळी झालेली असतात, की कोरी ओळ शोधावी लागते. ही मुलगी मुळीच आळशी नाही. जागरणं करून तिने ती पानं चार-चारदा वाचलीत. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून आपल्याला येतंय असं ती धरून चालते.

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरच होता. एका गटाने उतारा चार सत्रं वाचला. दुसऱ्याने एकच सत्र वाचला आणि पुढची तीन सत्रं न बघता, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने त्यांना सुमारे ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आणि आपल्या लक्षात राहील अशी खात्री जास्त कुणाला होती? वाचणाऱ्यांना! मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. आपल्याला किती येतं याचा मुलांचा अंदाज चुकतो, म्हणून शिक्षकाने मध्ये पडायला हवं.

वनस्पतिशास्त्राच्या तासाची शेवटची काही मिनिटं मी यासाठी राखते. वह्या मिटायच्या, कोऱ्या कागदावर आजचा भाग लिहायचा. गुण नाहीत, भाषा कुठलीही चालेल. ‘ऑस्मोसिस’ हा शब्द मुलं बिनचूक लिहितात. पाणी कुठून कुठे जातं विचारलं की गप्प. मराठीत लिहा म्हटलं, की कुणीतरी लिहितं, कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, तसंच का हे? तिथून पुढे शिकवता येतं. इंग्रजी परिभाषा मागाहून येते आणि पक्की बसते.

एवढे कागद तपासायचे कधी, असं आपल्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. सगळे तपासायचेच नाहीत. दहा-बारा चाळले तरी वर्गाचं घोडं कुठे अडलंय ते कळतं.

खरी अडचण आपल्या परीक्षापद्धतीत आहे. नेमके ‘आयएमपी’ प्रश्न पाठ करून पास होता येत असेल, तर मुलांनी दुसरं काही का करावं? प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये अख्ख्या बॅचची निरीक्षणं दशांशासकट सारखी येतात आणि त्यावर सह्या होतात. त्या सहीतून मुलं काय शिकतात, याचा आपण गंभीरपणे विचार केला पाहिजे.

म्हणून या परिषदेने ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. पहिल्या सत्रात आठवड्याचा एक तास अभ्यासकौशल्यांना मिळावा आणि तो कार्यभारात धरला जावा. अंतर्गत मूल्यमापनाचे काही गुण आधीच्या महिन्यात शिकवलेल्या भागावरच्या छोट्या चाचण्यांना असावेत. आणि तासिका तत्त्वावर शिकवणारे आपले सहकारी हा तास घेतील, तेव्हा त्याचंही मानधन त्यांना मिळावं, हे ठरावात स्पष्ट शब्दांत लिहिलेलं असावं.