खोकला थांबला, मग गोळ्या कशाला?

मेहकरकडच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. मालकांना फुप्फुसाचा टीबी. दोन महिने गोळ्या झाल्या, खोकला गेला, भूक लागतेय. दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचंय. ताई विचारतात, "त्यायले बरं वाटून राह्यलं, मंग गोळ्या कायले?"

ताई, बरं वाटतंय हे खरंच आहे. पण जंतू बसलाय कुठे ते ऐका.

फुप्फुसात आपल्या भक्षक पेशी असतात. जंतू आला की गिळायचा, आतल्या एका पिशवीत कोंडायचा आणि पाचक रसांची दुसरी पिशवी तिला जोडायची, म्हणजे तो विरघळतो. टीबीचा जंतू गिळला जातो, पण दुसरी पिशवी जोडूच देत नाही. शिवाय अंगावर मेणासारखं कवच. चोर पोलीस चौकीतच मुक्कामाला, असा प्रकार! मग शरीर त्या पेशींभोवती इतर पेशींची गाठ बांधतं. आत ऑक्सिजन कमी. जंतू मरत नाही, मंदावतो. तसाही तो सावकाशच. पोटातला ई. कोलाय 20 मिनिटांत दुप्पट होतो, याला सुमारे 20 तास लागतात.

आता औषधांचं. बरीचशी औषधं वाढणाऱ्या जंतूवर जोरात चालतात. नेहमीच्या टीबीत पहिले 2 महिने चार औषधं असतात. त्यात वाढणारे बहुतेक मरतात, म्हणून खोकला थांबतो. उरतात ते झोपलेले. ते अधूनमधून जागे होतात, आणि रिफाम्पिसिन त्यांना तेव्हा गाठतं. पुढचे 4 महिने त्यांच्यासाठीच आहेत. "गोळ्या चुकवू नका" एवढंच सांगतात सगळे, हे कुणी सांगत नाही, याचा मला रागच येतो. मध्येच सोडलं तर हेच उरलेले वाढतात, त्यात औषधाला न जुमानणारेही निघू शकतात, आणि कोपीत सोबत झोपणाऱ्या लेकरांनाही तेच लागतात.

कामाला जाऊ नका असं मी म्हणत नाही, पोट आहे. औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे आणि निक्षय नोंदणीवर उपचार दुसऱ्या जिल्ह्यातही चालू राहतो. पोषणाचे महिना 1000 रुपये नोव्हेंबर 2024 पासून झालेत, ते खात्यात येतात का बघा. लेकरांची तपासणी करून घ्या. आणि निघण्याआधी कारखान्याचं नाव, तालुका आशाताईंना लिहून द्या.