पाखंड कोणी ठरवावे?
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



देवाधर्मास कोणी बोल लावला, की आपण त्यास 'पाखंडी' म्हणून मोकळे होतो. परंतु या शब्दाचा मूळ अर्थ निंदाव्यंजक नव्हता. सम्राट अशोकाच्या लेखांत 'पासंड' म्हणजे कोणताही धर्मपंथ. स्वपंथाची स्तुती आणि परपंथाची निंदा अकारण करू नये, असा उपदेश त्याच्या बाराव्या शिलालेखात आहे. त्याच लेखमालेचे अवशेष आपल्या शेजारच्या सोपाऱ्यासही सापडले आहेत. पुढे मनुस्मृतीच्या काळी पाखंडी म्हणजे वेदबाह्य मनुष्य झाला व राजाने त्यास नगराबाहेर घालवावे, असे ठरले.

एकोणिसाव्या शतकात मतापेक्षा आचाराकडे अधिक बोट दाखविले जाऊ लागले. कल्याणच्या जोशी घराण्यातील कन्या, डॉ. आनंदीबाई जोशी, १८८३ साली अमेरिकेस निघाल्या. समुद्र ओलांडणे हाच तेव्हा धर्मलोप होता. हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परतेन, असे त्यांना बंगालमधील श्रीरामपूरच्या सभेत सांगावे लागले. १८८६ साली फिलाडेल्फियास त्यांनी वैद्यकाची पदवी मिळविली. आज कल्याणकर त्यांचे नाव अभिमानाने घेतात.

त्यांचे पती गोपाळराव यांनीच १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेणाऱ्यांची नावे प्रसिद्ध केली. रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य आले. १८९२ साली न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. एका पेल्यात देवाची निंदा ती कोणती? आपल्या घरी आज हा प्रश्नही कोणास सुचत नाही.

कायद्याने निराळाच मार्ग धरला. १९२७ साली दंडसंहितेत २९५-अ हे कलम आले. २०२४ पासून ते न्याय संहितेचे २९९ वे कलम आहे. त्यात देव फिर्यादी नाही. नागरिकांच्या एखाद्या वर्गाच्या धर्मभावना बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने दुखविल्या काय, एवढेच पाहावयाचे असते. हेतूचा हा विचार ग्रामण्य करणाऱ्यांनी क्वचितच केला.

हे आपल्या व्यासपीठावर सांगण्याचे कारण आहे. जेथे ग्रामण्ये झाली, तेथे न्यायासनावर बहुधा ज्ञातीच बसली होती. वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात २०१६ च्या अधिनियमाने अपराध ठरला. तरीही परजातीत विवाह केलेल्या मुलीचे नाव वंशावळीतून गाळणे, कुळाचार न पाळणाऱ्या कुटुंबास निमंत्रण न धाडणे, हे सारे कायद्याच्या कक्षेबाहेर राहूनही करता येते. म्हणून कार्यकारी मंडळास माझी विनंती आहे की, येत्या वर्षी कुटुंबसूची नव्याने छापताना अशी गाळलेली नावे त्या त्या घरी विचारून पुन्हा घालावीत. आपले नातवंड उद्या ही सूची उघडील, तेव्हा आपल्या आत्याचे नाव त्यास तेथे सापडले पाहिजे.