मातीच्या सेवेचा गौरव

(शतक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



ग्रंथालयाच्या उत्सवात शेतीचा विषय काहीसा आडवाटेचा वाटेल. तथापि ज्या इंदूर नगरीत हे ग्रंथालय शंभर वर्षे नांदले, तिचे नाव शेतीविषयक ग्रंथांतून जगभर पोहोचले ते एका खतामुळे. कंपोस्ट करण्याची ‘इंदूर पद्धत’ येथेच जन्मली. म्हणून शेतीची सेवा करणाऱ्यांचा गौरव कोणाचा व कसा व्हावा, हा प्रश्न इंदूरकरांना परका नाही.

१९२४ साली होळकर दरबाराने दिलेल्या तीनशे एकर जमिनीवर ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’ ही संस्था उभी राहिली. तिचे संचालक आल्बर्ट हॉवर्ड हे १९०५ मध्ये हिंदुस्थानात आले आणि प्रथम बिहारमधील पुसा येथे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून काम करू लागले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या व संशोधनात त्यांचा बरोबरीचा वाटा होता. शेतकऱ्याला शिकविण्याआधी त्याच्याकडून शिकावे, ही हॉवर्ड यांची भूमिका होती.

अडचण साधी, पण जुनी होती. शेणाच्या गोवऱ्या होऊन त्या चुलीत जात आणि जमीन खताविना राही. इंदूरच्या पद्धतीत थोड्या शेणावर पुष्कळ खत होऊ लागले. कपाशीच्या पऱ्हाट्या, तण, पालापाचोळा यांचे थर, त्यांवर शेण, जनावरांचे मूत्र मुरलेली माती आणि राख, बेताचे पाणी, ठरावीक अंतराने खालीवर करणे, आणि सुमारे तीन महिन्यांत तयार होणारे काळेभोर खत, असा हा क्रम. यात खर्चिक असे काही नव्हते. लागत होती ती चिकाटी आणि नोंदींची शिस्त.

या पद्धतीची शास्त्रशुद्ध मांडणी करणारा इंग्रजी ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या मुखपृष्ठावर दोन लेखकांची नावे आहेत: आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. वाड हे संस्थेच्या रसायन विभागातील प्रमुख साहाय्यक होते. पुढे १९३४ मध्ये हॉवर्ड यांना ‘सर’ हा किताब मिळाला, सेंद्रिय शेतीचे आद्य प्रवर्तक म्हणून त्यांची कीर्ती झाली, आणि ती यथार्थच होती. परंतु वाड यांचे नाव आज खुद्द इंदुरात किती जणांना ठाऊक असेल? संचालकाने आपल्या साहाय्यकाचे नाव ग्रंथावर बरोबरीने छापले. विसर पडला तो मागाहून आलेल्यांना. आणि ज्या मजुरांच्या हातांनी ते थर रचले, त्यांची नावे तर मुखपृष्ठावर येण्याची सोयच नव्हती.

खताची ही कथा झाली. बियाण्याची कथा याहून बोचरी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे एक खेडे आहे. तेथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी रामाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या धानात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, बी निराळे पेरले, वर्षानुवर्षे निवड केली. त्यातून बारीक दाण्याचे, चवदार वाण सिद्ध झाले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाच्या नावावरून ते ‘एचएमटी’ म्हणून बाजारात गाजले. दादाजींचे शालेय शिक्षण बेताचे होते. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे स्वतःचा बांध. पुढे त्यांनी धानाची आणखीही अनेक वाणे निवडून काढली.

२००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. इतरही मानसन्मान मिळाले. परंतु त्यांचे धान जितके पसरले त्या मानाने घरात काही आले नाही. अखेरची वर्षे आजारपणात आणि आर्थिक ओढाताणीत काढून ३ जून २०१८ रोजी ते निवर्तले.

दादाजींनी वाण सिद्ध केले तेव्हा शेतकऱ्याला पैदासकार मानणारा कायदाच देशात नव्हता. तो २००१ मध्ये संमत झाला. नवे वाण काढणाऱ्या शेतकऱ्याला त्याने नोंदणीचा हक्क दिला आणि पारंपरिक वाणे जतन करणाऱ्यांच्या पुरस्काराचीही तरतूद केली. मात्र हक्क कागदावर असणे वेगळे आणि नोंदणीचा अर्ज भरून देणारा कोणी खेड्यापर्यंत पोहोचणे वेगळे.

शाल, श्रीफळ आणि मानपत्र यांना कमी लेखण्याचे कारण नाही. रानात एकट्याने राबणाऱ्या माणसाला चारचौघांत मान मिळाला, की गावातला दुसराही प्रयोग करण्यास धजावतो. पण सत्कार म्हणजे गौरवाचा आरंभ होय. कर्त्याचे नाव त्याच्या कामाशी जोडलेले राहावे, कामाच्या लाभातील वाटा त्याच्या घरी जावा आणि त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर लोपू नये, या तीन गोष्टी साधल्या तरच तो गौरव पुरा म्हणावा.

यांतील पहिली आणि तिसरी गोष्ट ग्रंथालयाच्या आवाक्यातली आहे. माळव्यात आजही बियाणे राखणारे, पाणी अडविणारे, खताचे प्रयोग करणारे स्त्री-पुरुष आहेत. त्यांना बोलवावे, त्यांचे अनुभव त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावेत आणि ते टिपण नावगावासह ग्रंथांच्या शेजारी ठेवावे. दुसऱ्या शतकाच्या आरंभी ग्रंथालयाने एवढी एक वही उघडावी आणि तिच्या पहिल्या पानावर यशवंत वाड यांचे नाव लिहावे.