पानफुटीची रात्र



पानफुटी या सभागृहातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. शाळेत विज्ञानाच्या तासाला तिचे पान आपण पाहिले आहे. कुणाच्या आजोळी ती परसात होती, कुणाच्या चाळीत गॅलरीतल्या डालड्याच्या डब्यात. घायमारी म्हणूनही तिला ओळखतात. इतक्या ओळखीचे झाड विकत आणावे असे कुणाला वाटत नाही. विकत आपण दुसरीच रोपे आणतो, चिनी मातीच्या कपात लावलेली, एकात एक बसलेल्या गुबगुबीत पानांची. मार्चमध्ये आणलेले असे रोप ऑगस्टपर्यंत कुजते आणि आपण म्हणतो, आमचा हातगुण चांगला नाही. हातगुणाचा इथे संबंध नाही. मांसल पानांच्या झाडांची रात्र इतर झाडांसारखी नसते. ती रात्र आपल्याला माहीत नसते, म्हणून ती झाडे आपल्या हातून मरतात. ती समजून घ्यायची तर पानफुटीपाशीच जावे असे मला मनापासून वाटते, कारण तिच्या रात्रीची एक फार जुनी आणि नेमकी नोंद आपल्याच देशात झालेली आहे.

बेंजामिन हाइन हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासकडे होता. त्याने पानफुटीची पाने चावून पाहिली. सकाळी ती चुक्याइतकी आंबट लागली. दिवस वर आला तसा आंबटपणा ओसरला, दुपारी काही चवच उरली नाही, आणि संध्याकाळकडे ती किंचित कडवट झाली. १८१३ साली त्याने हे पत्राने कळवले आणि १८१५ मध्ये लंडनच्या लिनिअन सोसायटीच्या ग्रंथात ते पत्र छापून आले. एकच पान, एकच झाड, आणि दिवसाच्या प्रहरांप्रमाणे बदलणारी चव! हाताशी कोणतेही उपकरण नसताना ज्याला हे टिपावेसे वाटले, त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

आपण मात्र पान चावू नये. का, ते पुढे सांगतो. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्लता मोजायच्या कागदी पट्ट्या असतात, त्या आणा. पहाटे तोडलेले पान ठेचून त्याचा रस पट्टीवर लावा आणि त्याच रोपाचे पान संध्याकाळी तोडून पुन्हा तसेच करा. दोन्ही रंग शेजारी धरले की फरक मुलांनाही दिसतो.

आता हा आंबटपणा येतो कुठून? झाडाला अन्न बनवायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो आत घ्यायचा तर पानावरची सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, उघडावी लागतात, आणि ती उघडली की आतली वाफ बाहेर जाते. आंबा, जास्वंद, मोगरा ही झाडे दिवसा छिद्रे उघडतात आणि होणारा पाण्याचा खर्च मुळांतून भरून काढतात. पानफुटी उन्हात छिद्रे मिटून घेते आणि रात्री, हवा गार व दमट असताना उघडते. पण रात्री ऊन नाही, मग अन्न बनणार कसे? म्हणून ती घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात पानाच्या पेशींमध्ये साठवून ठेवते. हे तेच आम्ल, ज्याने कच्चे सफरचंद आंबट लागते. सकाळी दारे बंद करून ती दिवसभर हे आम्ल फोडते, त्यातून सुटलेला वायू आतल्या आत वापरते आणि उन्हाच्या बळावर साखर बनवते. संध्याकाळपर्यंत साठा संपतो, म्हणून चव जाते. पानफुटीच्या कुळाचे नाव क्रॅसुलेसी, त्यावरून या रीतीला क्रॅसुलेशियन ॲसिड मेटाबॉलिझम हे नाव पडले. अननस, घायपात, कोरफड आणि निवडुंग यांचीही हीच रीत आहे. जत आणि सांगोल्याच्या बाजूला शेतकऱ्यांनी ड्रॅगनफ्रूट लावले आहे, तोही निवडुंगाचाच भाऊबंद. कमी पाण्यात तो तग धरतो त्यामागेही हे रात्रीचे काम आहे.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा. ही झाडे रात्री ऑक्सिजन सोडतात, म्हणून ती झोपायच्या खोलीत ठेवावीत, असे सांगून ती विकली जातात. झाडातून ऑक्सिजन सुटतो तो प्रकाशात, पाण्याचा रेणू फुटताना. रात्री पानफुटी कार्बन डायऑक्साइड घेते हे खरे, पण अंधारात ती ऑक्सिजन बनवू शकत नाही. आणि एका कुंडीने खोलीतली हवा बदलेल, ही अपेक्षा तर कोणत्याच झाडाकडून करू नये. झोपायच्या खोलीत तिला मिळतो तो अपुरा प्रकाश. मग दोन पानांमधले अंतर वाढत जाते, खोड लांबते, फिकट होते आणि एक दिवस वाकते.

तेव्हा पहिली गोष्ट उजेड. सकाळचे तीन-चार तास ऊन येईल अशी पूर्वेची खिडकी किंवा गॅलरी उत्तम. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या उन्हाला आडोसा करावा, नाहीतर पानांवर तपकिरी डाग पडतात. हिवाळ्यात पानांच्या कडा लालसर-जांभळट होतात, त्याची काळजी नको. मात्र रात्र अंधारी हवी. पानफुटीला फुले यायची तर आधी मोठे दिवस आणि नंतर लहान होत जाणारे दिवस लागतात, त्यामुळे आपल्याकडे ती थंडीत फुलते. ज्या गॅलरीत रात्रभर दिवा जळतो तिथे तिला दिवस लहान झाल्याचे कळायचे कसे? रोप वर्षानुवर्षे जोमात आहे आणि फूल मात्र नाही, असे असेल तर आधी तो दिवा बघा. फुललेली पानफुटी ज्यांनी पाहिली नाही त्यांनी अवश्य पाहावी. खाली लोंबणाऱ्या फुगीर, हिरवट-तांबूस घंटा उंच दांड्यावर लागतात आणि कागदी कंदिलासारख्या वाऱ्यावर हलतात.

दुसरी गोष्ट पाणी. बहुतेक रोपे इथेच जातात. ज्या झाडाने पाण्याचा खर्चच इतका कमी केला आहे, ते कुंडीतले पाणी संपवणार किती? संपत नाही, साचते. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात आणि मग बुरशी येते. म्हणून महाराष्ट्रात या झाडांचा कठीण काळ उन्हाळा नाही, पावसाळा आहे. जुलैत ढगाळ हवा, प्रकाश कमी, वाढ मंद आणि वरून रोज पाणी. कोकणात तर पागोळ्या थेट कुंडीत पडतात. जूनच्या पहिल्या सरीआधी कुंडी वळचणीच्या आत घ्या, आणि माती तळापर्यंत कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नका. पावसाळ्यात दोन-तीन आठवडे पाणी घातले नाही तरी चालते. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर घालावे, तळातून वाहीपर्यंत. रोज घोटभर घालणे ही माया त्या झाडाला मानवत नाही. खराट्याची काडी मातीत तळापर्यंत खुपसून बाहेर काढा, तिला ओलसर माती चिकटली तर थांबा.

तहानलेले पान आणि कुजणारे पान यांतला फरक हाताला कळतो. तहानलेले पातळ होते, सुरकुतते, वाकते, पण कोरडे आणि चिवट राहते, पाणी दिल्यावर दोन दिवसांत पुन्हा भरते. जादा पाण्याने बिघडलेले पिवळट, काचेसारखे पारदर्शक आणि लिबलिबीत होते, नुसते बोट लागले तरी गळते. खोड मातीजवळ काळे पडले असेल तर मुळे वाचवायच्या खटपटीत वेळ घालवू नका. वरचा निरोगी शेंडा कापा, तीन-चार दिवस सावलीत सुकू द्या आणि नव्या मातीत लावा.

माती निचऱ्याची हवी. आपली काळी माती कापसाला सोने आहे, पण या कुंडीत ती नको. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळून मुळे तोडते. निम्मा भाग विटांचे बारीक तुकडे किंवा खडी यंत्रावरची धुतलेली जाड कच, उरलेल्या निम्म्यात लाल माती आणि थोडे जुने, कुजलेले शेणखत, एवढे पुरे. कुंडी भाजलेल्या मातीची आणि तळाला भोक असलेली. ते चिनी मातीचे कप सुंदर दिसतात, पण भोक नसेल तर त्यात पेन ठेवावेत. सहा इंची कुंडीत पानफुटी आटोपशीर राहते, उंच गेली की शेंडा खुडावा.

आता पानाकडे या. पानाची कडा दंतुर असते आणि दोन दातांमधल्या खाचेत झोपलेला कोंब असतो. पान झाडावर असते तोवर बहुधा तो झोपलेलाच राहतो. पान तुटले की जागा होतो. तुटलेले पान मातीवर नुसते आडवे ठेवा, पुरू नका. पहिल्या दोन आठवड्यांत खाचांमधून पांढरे, केसाएवढे मूळ उतरते, पाठोपाठ समोरासमोर दोन इवली पाने येतात. पिल्ले वाढतात तसे मूळ पान पातळ होत जाते. त्यातले पाणी आणि अन्न पिल्लांकडे जात असते. दोरीला टांगलेल्या पानालाही कोंब फुटतात, मातीची गरज नंतर. जर्मन कवी गटे या झाडाच्या इतका प्रेमात होता, की ते स्वतः वाढवून त्याची पाने तो मित्रमैत्रिणींना पाठवत असे.

पानावर कधी पांढरा कापूस दिसेल, तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने तो पुसून काढा. पण दुसऱ्या एका पाहुण्याला मात्र हाकलू नका, ही माझी तुम्हाला विनंती आहे. पानावर फिकट, पोकळ डाग दिसू लागतात, बारीक भोके पडतात आणि त्यांच्याभोवती काळे कण साचतात. पान उजेडासमोर धरा. वरची आणि खालची त्वचा शाबूत, मधला गर गायब, आणि त्या दोन पडद्यांच्या मध्ये एक अळी चरताना दिसेल. ही रेड पिअरो नावाच्या फुलपाखराची अळी. पानफुटी आणि तिच्या जवळच्या जाती हेच तिचे अन्न. पुढे बाहेर येते ते नखाएवढे फुलपाखरू, पंख मिटलेले असताना पांढऱ्यावर काळे ठिपके आणि मागच्या पंखावर रसरशीत नारिंगी पट्टा. ते उंच उडत नाही, कुंडीच्या आसपास, जमिनीलगत घुटमळते. शहरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतही ते येते. फवारा मारून पाने वाचवता येतील, पण पानफुटीच्या पानांना काय तोटा? दोन कुंड्या ठेवा, त्यांतली एक त्याची समजा.

चावू नका म्हणालो, त्याचे कारण आता. पानफुटीच्या जातीत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. ऑस्ट्रेलियात तिच्या भाऊबंदांची फुले खाऊन गुरे दगावली आहेत. मूतखड्यावर तिची पाने खाण्याचा सल्ला घरोघरी मिळतो. आपल्या वडीलधाऱ्यांबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, वैद्याला किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती पोटात घेऊ नका, आणि हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर मुळीच नाही. शेळ्या, वासरे आणि घरातली मांजरे यांच्यापासूनही कुंडी दूर असू द्या.

आणि छाटणी टेकडीवर टाकू नका. पानफुटी मूळची मादागास्करची. जी पानाच्या तुकड्यापासून उगवते, ती मोकळ्या जागेत आवरत नाही. गालापागोस बेटांवर तिने स्थानिक झाडांची जागा बळकावली आहे. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर आपली स्वतःची मांसल झाडे आहेत. शिवनेरीसारख्या मोजक्या ठिकाणी कातळाच्या फटीत शिंदळ माकुडी जगते. ती महाराष्ट्राबाहेर जगात कुठेही निसर्गतः उगवत नाही. तिला उपटून घरी आणू नये आणि तिच्या कातळावर पानफुटीही पोहोचू देऊ नये. छाटलेली पाने पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात टाका.

बाहेरच्या टेबलावर पानफुटीची पाने ठेवली आहेत, प्रत्येकी एक घ्या. मे महिना आहे, हवा कोरडी आहे. आज पान मातीवर ठेवलेत तर पाऊस जोर धरण्याआधी पिल्लांची मुळे उतरलेली असतील. भोके पडलेली पाने वेगळ्या पिशवीत आहेत. ज्यांच्या घरी आधीच पानफुटी आहे त्यांनी ती न्यावीत आणि आपल्या कुंडीत ठेवावीत.