उच्च शिक्षणाची निवड
(मनोरी येथे कुटुंबांच्या सभेत झालेले भाषण)



आपल्यातील पहिली मुले मॅट्रिक झाली तेव्हा प्रश्न एकच होता, प्रवेश मिळेल की नाही. आज आपल्या मुलामुलींच्या हाती दोन-तीन विद्यापीठांची प्रवेशपत्रे एकाच वेळी येतात आणि घरात वाद सुरू होतो. वडील म्हणतात, फी कमी असेल तेथे जा. मामा म्हणतात, नाव मोठे असेल तेथे जा. आई म्हणते, मुलगी संध्याकाळी घरी आली पाहिजे. तिन्ही मते मायेची आहेत. परंतु पैसा कोणत्या महिन्यात संपणार आणि तोवर शिक्षण कोठवर पोहोचणार, हे कोणीच विचारीत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांच्या शिक्षणाचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. तो जमाखर्चाच्या वहीप्रमाणेही वाचावयास हवा. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत ३ वर्षे, आणि परतल्यावर १० वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. १९१५ साली तेथे एम. ए. झाले. १९१६ साली ते लंडनला आले व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी त्यांनी नाव घातले. परंतु १९१७ साली शिष्यवृत्ती संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतणे भाग पडले. मात्र निघण्यापूर्वी, चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली होती. पुढे सिडनहॅम कॉलेजातील पगारातून शिल्लक टाकली, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य झाले, स्नेही नवल भथेना यांनी ५,००० रुपये कर्ज दिले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली डी. एस्सी. मिळाली. ती परवानगी हाती नसती तर?

आता आपल्या मनोरीकडे वळू. समजा, येथील एका मुलीला अर्थशास्त्राच्या एम. ए.साठी मुंबई विद्यापीठात, कालिन्याला, आणि पुण्यालाही प्रवेश मिळाला. घरची मंडळी म्हणतील, कालिना स्वस्त. घरी राहील, घरचे जेवेल. परंतु मार्व्याची फेरी, मालाडपर्यंत बस, सांताक्रूझपर्यंत गाडी, पुन्हा बस. असा प्रवास रोज दोन वेळा. ग्रंथालयात बसावयाचे तास त्यातच जातात. आणि मनोरी महापालिकेच्या हद्दीत असल्याने कागदोपत्री ती मुलगी मुंबईची स्थानिक ठरते; फेरीची वाट पाहणाऱ्याला हे विचित्र वाटेल, पण नियम तसा आहे. स्वाधार योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी आहे. परंतु ज्या शहरात शिकावयाचे त्या शहराचा रहिवासी तीत बसत नाही. तीच मुलगी पुण्याला गेली, शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही आणि घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असले, तर भोजन, निवास व निर्वाहासाठी वर्षाला ६०,००० रुपयांची सोय या योजनेत आहे. म्हणजे दूरचे पुणे घराला जवळच्या कालिन्याहून महाग पडेलच असे नाही. ही रक्कम मात्र महिन्याच्या पहिल्या तारखेला येईल असे धरू नये. निदान चार महिन्यांचा खर्च जवळ असावा. आणि ज्या विषयात पुढे संशोधन करावयाचे त्याचा जाणकार शिक्षक कालिन्यालाच असेल, तर प्रवासाचा त्रास सोसूनही कालिना घ्यावे, असे माझे मत आहे.

परदेशाचा मोह मोठा असतो आणि तो असावाही. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती शिक्षणशुल्क भरते आणि इंग्लंडमध्ये निर्वाहासाठी वर्षाला ९,९०० पौंड देते. महिन्याला ८२५ पौंड झाले. लंडनमध्ये खोलीचे भाडेच त्यातील मोठा भाग खाते. लहान शहरातील चांगले विद्यापीठ मिळाले तर तेवढ्याच पैशात मूल पोटभर जेवून शिकते. दुसरी गोष्ट विषयाची. २०२२ पासून या शिष्यवृत्तीच्या नियमांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक अभ्यास वगळले आहेत. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात जातिसंस्थेवर निबंध वाचला. तो विषय घेऊन आज त्यांना ही शिष्यवृत्ती मिळाली नसती. ज्याला जातीचा अभ्यास करावयाचा आहे त्याने या शिष्यवृत्तीसाठी विषय बदलू नये. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या अटी वाचाव्यात, विद्यापीठाकडेच शुल्कमाफी मागावी.

एक सूचना कागदपत्रांविषयी. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० सालच्या दुरुस्तीनंतर मिळू लागल्या. केंद्रीय संस्थेत जावयाचे असेल तर जातीचे प्रमाणपत्र केंद्राने ठरविलेल्या नमुन्यातच हवे. ते मिळवावयास वेळ लागतो; प्रवेशपत्राची वाट न पाहता आजच अर्ज करावा.

ज्यांच्या घरी प्रवेशपत्रे आली आहेत त्यांनी ती आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन सभेनंतर थांबावे. मुलगा किंवा मुलगी बरोबर हवी. तिच्या मागे तिचा हिशेब करावयाचा नाही. फेरी सुटेपर्यंत मी येथेच आहे.

जयभीम.