हेड बदलण्यापूर्वी



नागपूरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर सिंदी लागते. सेलू तालुक्यातल्या या गावाच्या नावातच ‘रेल्वे’ आहे, पण शेतातला कापूस, सोयाबीन, तूर बाजारापर्यंत न्यायची तर गाडी लागतेच. कापसाचा हंगाम सुरू झाला की एकेक फेरी मोलाची असते. नेमके तेव्हाच ट्रकचे इंजिन बसले, तर एकाच गाडीवर घर आणि बँकेचा हप्ता चालवणाऱ्या मालकापुढे प्रश्न उभा राहतो. जुने हेड दुरुस्त करावे की बदलावे? आणि बदलायचे, तर कोणते घ्यावे? आज त्याविषयी बोलू.

हेड म्हणजे सिलिंडरचे झाकण. त्याच्यातच व्हॉल्व्ह, इंजेक्टर आणि पाण्याच्या वाटा असतात. त्यावर भार किती येतो, ते पाहा. आपल्याकडे वर्षानुवर्षे धावलेल्या टाटा ६९७ इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ९७ मिलिमीटर. जळणाऱ्या डिझेलचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १०० किलो धरला, तरी प्रत्येक स्फोटाला हेड सात टनांहून अधिक जोराने वर उचलले जाते. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर एकेका सिलिंडरमध्ये हे मिनिटाला हजार वेळा घडते.

असे हेड सहसा आपणहून फुटत नाही, त्याला उष्णता फोडते. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे बोअरचे जड पाणी घातले की आत क्षार साचतो आणि पाण्याची वाट अरुंद होते. फॅनचा पट्टा सैल, वॉटर पंप गळका, त्यात गाडीत जादा माल. मग हेड वाकते किंवा दोन व्हॉल्व्हच्या सीटांमध्ये बारीक तडा जातो. रेडिएटरमध्ये बुडबुडे येणे, पाणी सतत कमी होणे, धुरातून पांढरी वाफ येणे, ऑइल दुधाळ होणे ही त्याची लक्षणे. ऑइल दुधाळ दिसले की गाडी तिथेच थांबवावी. पाणीमिश्रित ऑइलवर आणखी वीस किलोमीटर ओढली, तर बेअरिंग आणि क्रँकही जातात. हेडचे काम फुल इंजिनचे होऊन बसते.

हेड उतरवल्यावर ते आधी स्वच्छ धुऊन तपासावे. सरळ पट्टी आणि फिलर गेज लावून वाक मोजता येतो. पाण्याच्या वाटा बंद करून हवेचा दाब देतात आणि हेड गरम पाण्यात बुडवतात. तडा असेल तिथून बुडबुडे निघतात. बिडाच्या हेडचा तडा चुंबकीय तपासणीतही दिसतो. अॅल्युमिनियमला चुंबक लागू पडत नाही, तिथे रंग वापरून तडा शोधतात.

नुसता वाक असेल, तर फेस मारून हेड सरळ करता येते, पण कंपनीने दिलेल्या मर्यादेतच. फेस घासला की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि इंजेक्टरचे टोक जास्त बाहेर डोकावते. म्हणून सीट पुन्हा कापून व्हॉल्व्हची खोली आणि इंजेक्टरचे माप जुळवावे लागते. तड्याचे वेल्डिंग बिडात अवघड असते. सगळे हेड नीट तापवून आणि सावकाश थंड करून केले नाही, तर शेजारी नवा तडा जातो. सीटजवळचा तडा असेल, तर हेड बदललेलेच बरे.

बदलताना मार्ग तीन. कंपनीचे नवे, बाजारातले दुसऱ्या मेकचे नवे, किंवा जुन्या गाडीचे दुरुस्त केलेले. जुने घेणे चूक नाही, पण तपासणी आपल्यासमोर झाली पाहिजे आणि उरलेली जाडी मोजली गेली पाहिजे. आपल्याकडे तान्ह्या पोळ्याला सजवलेला लाकडी नंदी फार देखणा दिसतो, पण त्याला कोणी बंडीला जुंपत नाही. रंग मारलेल्या हेडचेही तसेच. पार्ट नंबर जुळवा. जुने आणि नवे हेड शेजारी ठेवून बोल्टची भोके, पाण्याच्या वाटा, इंजेक्टरची जागा पाहा. नवे बसेपर्यंत जुने भंगारात देऊ नका. एकाच नावाच्या इंजिनाचे बीएस ३, बीएस ४, बीएस ६ असे प्रकार असतात. बीएस ६ तर १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू आहे. बाहेरून सारखे दिसणारे हेड आतून वेगळे असू शकते. हेड बदलल्याने इंजिन नंबर बदलत नाही, कारण तो ब्लॉकवर असतो. ब्लॉक बदलला, तर मात्र आरटीओत नोंद करावी लागते.

बसवताना गॅस्केट नवीनच हवे. बोल्टच्या भोकात ऑइल किंवा पाणी राहिले, तर पाना खोटा ताण दाखवतो. बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, सांगितलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने टॉर्क पान्याने आवळावेत. आत व्हॉल्व्ह तुटला असेल, तर त्याचे तुकडे मॅनिफोल्ड आणि टर्बोत शोधावेत. ब्लॉकचा फेस आणि लाईनरची उंचीही मोजून घ्यावी, कारण ब्लॉक खराब असला तर नवे हेडही टिकत नाही.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. इंजिन का तापले, याचे उत्तर मिळाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. रेडिएटर साफ करून घ्या, वॉटर पंप आणि पट्टा बघा, कंपनीने सांगितलेले कूलंट घाला. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची पद्धत सोडा. त्याने रोग बरा होत नाही, उलट थंड चालणारे इंजिन डिझेल जास्त पिते आणि लवकर झिजते. हेडचे बिल मोठे दिसते, म्हणून रेडिएटरचा छोटा खर्च पुढच्या महिन्यावर ढकलला जातो. तोच खर्च आधी करा. नाहीतर नवे हेडही जुन्याच वाटेने जाईल, आणि तेव्हा हंगामही हातचा गेलेला असेल.