रेकॉर्डातलं नाव



जबलपूर म्हटलं की बहुतेकांना भेडाघाट आठवतो, धुवांधार आठवतो. सातारा-सांगलीकडच्या फौजी घरांत मात्र जबलपूर म्हणजे पोस्टमननं आणलेला खाकी लिफाफा. लष्कराच्या सिग्नल्स दलाचं रेकॉर्ड ऑफिस तिथं आहे. सिग्नल्समध्ये नोकरी केलेल्या जवानाचा भरतीपासून पेन्शनीपर्यंतचा सगळा कागद तिथं राहतो. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स यांची केंद्रंही त्याच गावात. आपल्याकडच्या इतरांची ठिकाणं वेगळी : मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगाव, महार रेजिमेंटचं सागर, तोफखान्याचं नाशिक रोड, बॉम्बे सॅपर्सचं खडकी. ऑफिस कुठलंही असो, दुखणं एकच आहे. माणूस एक आणि कागदावरचा माणूस दुसराच.

हे होतं कसं? भरतीच्या दिवशी पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा. समोरचा क्लार्क बिहारचा नाही तर तामिळनाडूचा. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी तीन पदरी रीत. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी. क्लार्क त्यातलं कुठलं पद उचलील याचा नेम नाही. मग कुणाचं आडनावच गळतं, कुणाच्या वडिलांचं नाव आडनाव होऊन बसतं. ‘विठ्ठल’ इंग्रजीत लिहायचं तर टी एक की दोन, शेवटी ए आहे की नाही, हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर. पोरगा ‘येस सर’ म्हणतो आणि सही ठोकतो. त्या घटकेला त्याला धावण्याची आणि छातीच्या मापाची काळजी असते.

पुढं लग्न होतं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत. माहेरची सुनंदा सासरी वैशाली होते. नवरा युनिटमध्ये जाऊन लग्नाची नोंद करतो, तिची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे अधिकृत नोंदीचा हुकूम, निघते. तिथं कधी माहेरचं नाव लागतं, कधी सासरचं, कधी पुढं ‘बाई’ जोडलेलं. शाळेचा दाखला, रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, प्रत्येकावर एकेक निराळी बाई. नवरा हयात असेपर्यंत कुणी विचारत नाही. तो गेला की पहिला प्रश्न येतो : ही वैशाली कोण?

पेन्शन आता ‘स्पर्श’ या संगणक-प्रणालीवरून मिळते. पूर्वी बँकेतला साहेब ओळखीनं एखादं अक्षर मागंपुढं चालवून घ्यायचा. संगणक कुणाच्या ओळखीचा नसतो. आधारवर एक आणि पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या हुकुमावर, दुसरं असलं की हयातीच्या दाखल्यापासून अडकायला सुरुवात होते.

जन्मतारखेची गोष्ट याहून अवघड. तुमच्या गावातल्या सत्तरीपुढच्या माणसांना वाढदिवस विचारा, निम्मे तरी एक जून सांगतील. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, गुरुजी पोराकडं बघून अंदाजानं वर्ष टाकायचे आणि तारीख एक जून. तीच पुढं फौजेच्या कागदावर चढली. जवानाची निदान तारीख तरी असते. बायकोची कित्येक जुन्या पीपीओंवर मुळीच नसते. त्यानं काय बिघडतं, असं वाटेल. पेन्शनरला आणि फॅमिली पेन्शनवाल्या बाईला ऐंशी वर्षं पुरी झाली की मूळ पेन्शनवर वीस टक्के वाढ मिळते. पंच्याऐंशीला तीस, नव्वदला चाळीस, पंच्याण्णवला पन्नास आणि शंभरीला दुप्पट पेन्शन. जन्मतारीखच नोंदलेली नसेल तर ती बाई कागदावर ऐंशीची कधी होतच नाही.

ही दुखणी शिपायांचीच, साहेबलोकांना असलं काही नसतं, असं कुणी समजू नये. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल विजयकुमार सिंग यांचं प्रकरण आठवा. मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर जन्मसाल 1951, आणि एनडीएच्या प्रवेशासाठी शाळकरी वयात भरलेल्या अर्जावर 1950. सेनेच्या एका शाखेनं एक साल धरलं, दुसरीनं दुसरं, आणि ही दोन्ही सालं वर्षानुवर्षं शेजारशेजारच्या फायलींत सुखानं नांदली. 1951 हेच साल मानावं म्हणून 2012 च्या जानेवारीत सरसेनापती सर्वोच्च न्यायालयात गेले. 10 फेब्रुवारीला न्यायमूर्ती लोढा आणि न्यायमूर्ती गोखले यांच्यासमोर सुनावणी झाली. खरा जन्म कधीचा हा प्रश्न न्यायालयापुढं नव्हता. सरकारी दप्तरात कुठली तारीख मानली गेली, एवढाच होता. जनरलसाहेबांनी याचिका मागं घेतली आणि 31 मे 2012 ला ते निवृत्त झाले. फौजेच्या प्रमुखाला जी तारीख बदलून मिळाली नाही, ती निवृत्त हवालदाराला सहज मिळेल या भ्रमात राहू नका. नावाची, बायकामुलांची नोंद दुरुस्त होते. स्वतःच्या जन्मतारखेची वाट मात्र जवळजवळ बंद समजा.

पण कागद जवानाच्या विरुद्धच बोलतो असंही नाही. धरमवीर सिंग नावाचा एक जवान 1985 साली सिग्नल्समध्ये भरती झाला. पुढं त्याला फिट्स येऊ लागल्या आणि 1994 मध्ये वीस टक्के अपंगत्व दाखवून त्याला घरी पाठवलं. मेडिकल बोर्ड म्हणालं, हा आजार प्रकृतीतलाच, नोकरीशी संबंध नाही. अपंगत्वाची पेन्शन नाकारली. प्रकरण हायकोर्टातून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै 2013 मध्ये निकाल लागला. न्यायालयानं साधी गोष्ट विचारली : भरतीच्या वेळच्या तपासणीच्या कागदावर या आजाराची नोंद आहे का? नव्हती. म्हणजे तुम्ही त्याला धडधाकट म्हणूनच घेतलं. आता आजार नोकरीमुळं नाही, हे सिद्ध करायचं ओझं तुमचं, त्याचं नाही. या एका निकालावर आजवर किती अपंग जवानांना न्याय मिळाला असेल!

मला वाटतं, नावाच्या चुकीलाही हाच न्याय लावला पाहिजे. नोंद लिहिली सरकारी क्लार्कनं, तपासली सरकारी अधिकाऱ्यानं. मग ती चुकली तर प्रतिज्ञापत्र, वर्तमानपत्रातली जाहिरात, नोटरी, झेरॉक्स हा खर्च सत्तर वर्षांच्या विधवेनं का करायचा? पण तो दिवस उगवेपर्यंत आपलं काम आपल्यालाच करायला हवं.

तेव्हा पेन्शनर मंडळींनो, आज घरी ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक आणि पीपीओ काढा. तुमचं नाव, पत्नीचं नाव आणि तिची जन्मतारीख, मुलांची नावं आणि तारखा आधारकार्डाशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. अविवाहित किंवा अपंग मुलगी घरी असेल तर तिची नोंद आहे ना, हे आधी बघा. फरक दिसला तर आपल्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा. सगळ्यात वर आर्मी नंबर, रँक, नाव. अर्ज घालायच्या आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. कुठल्या दुरुस्तीला कुठले कागद लागतात, हे तिथं सांगतात. रेकॉर्ड ऑफिसनं दुरुस्ती मान्य केली की पार्ट टू ऑर्डर निघते आणि पुढं प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयातून सुधारित पीपीओ. तो हातात येईपर्यंत काम झालं म्हणू नका.

पेन्शन न घेता आलेल्यांनी तर अजिबात वेळ काढू नये. त्यांचे सेवेचे कागद नियमाप्रमाणे पंचवीस वर्षं ठेवतात, मग नष्ट करतात. मागं उरते लाँग रोलमधली, म्हणजे कायम ठेवलेल्या नावांच्या नोंदवहीतली, एक ओळ. त्या ओळीत नाव चुकलेलं असलं तर ताडून पाहायला दुसरं काही नसतं.

अर्ज फेटाळला तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, 2009 पासून. जबलपूरला त्याचं खंडपीठ आहे, पण आपल्याला तिकडं जायची गरज नाही. निवृत्त माणूस राहतो तिथल्या खंडपीठाकडं, म्हणजे मुंबईला, दाद मागू शकतो. सहा महिन्यांची मुदत लक्षात ठेवा. पेन्शनीच्या बाबतीत उशीर माफ होतो, पण थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच मिळते. बाकीची गेली ती गेली.

आणि हे सगळं तुमच्या हयातीत करा. आज तुमच्या एका सहीनं जे होईल, त्यासाठी उद्या तुमच्या बायकोला ‘मीच ती’ हे चार कचेऱ्यांत पटवत फिरावं लागेल. अर्ज स्पीड पोस्टानंच पाठवा आणि पावती पीपीओला टाचून ठेवा.